लाइट गेल्यावर राऊटर पॉवर बँकेवर: बारा व्होल्ट येतात कुठून?

तुमची अडचण मला समजली ती अशी. गाव कणकवलीजवळ, पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, काम घरून. राऊटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १.५ अँपियर लिहिलंय. म्हणून ‘यूएसबी ते १२ व्होल्ट’ केबल मागवलीत आणि आधी फोनच्या ३३ वॉटच्या चार्जरवर लावून पाहिलीत. दिवे लागतात, वायफाय दिसतं, आणि दोन-तीन मिनिटांत राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू. मूळ अडॅप्टरवर मात्र तो व्यवस्थित चालतो.

म्हणजे राऊटर ठणठणीत आहे. केबलही बहुधा खराब नाही, तिच्याकडून अपेक्षा जास्त आहे.

बाजारात या नावाच्या दोन अगदी वेगळ्या केबली मिळतात आणि दुकानदारालाही फरक माहीत असतोच असं नाही. तुमची पहिल्या प्रकारातली, बूस्ट केबल. तिच्या पिनेजवळच्या जाड भागात एक छोटं सर्किट असतं, ते ५ व्होल्ट घेऊन १२ करतं. व्होल्ट वाढले तरी वॉट वाढत नाहीत, उलट थोडे उष्णतेत जातात. राऊटरने जोर लावला आणि १२ व्होल्टवर १ अँपियर मागितला, की झाले १२ वॉट. सर्किटची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर चार्जरकडून १४ वॉट हवेत, म्हणजे ५ व्होल्टवर २.८ अँपियर. तुमचा ३३ वॉटचा चार्जर ते ३३ वॉट फक्त स्वतःच्या कंपनीच्या फोनशी ‘बोलून’ देतो. बूस्ट केबल बोलत नाही. तिला मिळतात साधे ५ व्होल्ट आणि बहुतेक चार्जरांवर २ अँपियर, म्हणजे १० वॉट. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मग सुरुवातीला चालतो कसा? राऊटर निवांत असताना कमी खातो. माझा निवांतपणी साधारण अर्धा अँपियर घेतो, सुरू होताना आणि वायफायवर गर्दी झाली की जवळजवळ दुप्पट. त्या क्षणी ५ चे साडेचार व्होल्ट होतात. आणि इथे बूस्ट सर्किटचा स्वभाव नडतो: आत येणारे व्होल्ट घसरले, की १२ टिकवण्यासाठी ते आणखी अँपियर ओढतं. त्यामुळे व्होल्ट अजून घसरतात, ते अजून ओढतं, आणि शेवटी चार्जर हात वर करतो. केबल बारीक तारेची असेल तर हे लवकर होतं. २८ गेजच्या एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन सुमारे ०.४ ओहम रोध असतो, म्हणजे २ अँपियरला ०.८ व्होल्ट वाटेतच गेले. (लांब केबल घेऊन राऊटर माळ्यावर ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.)

दुसरा प्रकार ट्रिगर केबल. ही स्वतः काही वाढवत नाही, चार्जरला त्याच्या भाषेत ‘१२ दे’ म्हणून सांगते. भाषा म्हणजे जलद चार्जिंगच्या पद्धती, त्या दोन: टाइप-सी पोर्टवर पीडी (पॉवर डिलिव्हरी), जुन्या चौकोनी पोर्टवर क्विक चार्ज. ज्या पोर्टला लावणार त्या भाषेची केबल घ्या. पीडीत मेख आहे. २०१२ च्या पहिल्या पीडीत १२ व्होल्ट होते, पुढे ठरलेले टप्पे ५, ९, १५ आणि २० झाले, १२ ऐच्छिक उरले. म्हणून लॅपटॉपचा ६५ वॉटचा दणकट चार्जरही कधीकधी १२ देत नाही, आणि मग ट्रिगर गुपचूप ९ किंवा ५ वर येते. चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा, तिथे १२ छापलेले नसतील तर त्या चार्जरचा नाद सोडा. १८ ते २२.५ वॉटच्या बऱ्याच पॉवर बँकांवर मात्र ‘१२ व्होल्ट, १.५ अँपियर’ असं चक्क छापलेलं असतं. तुम्हाला तीच हवी.

बटण दाबून व्होल्ट बदलणारी ट्रिगर केबल कृपया घेऊ नका. माझ्याकडे होती. सोल्डरिंग आयर्नसाठी २० वर ठेवली होती, तिने ते लक्षात ठेवलं, मी विसरलो. राऊटरला लावली, एक बारीक ‘फट्’, आणि खोलीभर जळका वास. १२ ची पक्की केबल घ्या. पहिल्यांदा लावण्याआधी मल्टिमीटरने १२ येतात का आणि पिनेच्या आत धन (+) आहे का ते बघा. पिनेची बाहेरची जाडी ५.५ मिलिमीटर असली तरी आतलं भोक २.१ किंवा २.५ असू शकतं. चुकीचं असलं तर सैल बसतं किंवा बसतच नाही.

वेळेचा हिशोब: १०,००० एमएएचची बँक म्हणजे ३.७ व्होल्टने ३७ वॉट-तास, गळती वजा जाता तिसेक. राऊटर ६ वॉट खात असेल तर पाच तास. त्याच बँकेवर मध्येच फोन लावलात तर बऱ्याच बँका सगळ्यांना क्षणभर ५ व्होल्टवर आणतात आणि राऊटर पुन्हा सुरू होतो. कायम चार्जिंगला लावून यूपीएससारखी वापरायचा विचार असेल तरी तेच, लाइट जाताच बहुतेक बँका क्षणभर वीज तोडतात. रोज लाइट जात असेल तर माझं मत सरळ आहे: राऊटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, केबल अडीअडचणीला ठेवा.

आता एक सांगा, तुमच्याकडे फायबरचा डबा राऊटरमध्येच आहे की वेगळा? वेगळा असेल तर लाइट गेल्यावर त्यालाही वीज लागणार, नाहीतर वायफाय दिसेल पण इंटरनेट नसेल. त्याच्या अडॅप्टरवर काय लिहिलंय ते टाका, मग दोघांचा हिशोब करू.