गळतीची धास्ती, क्षरणाकडे डोळेझाक: वॉटर कूलिंगविषयी वाचकांचे प्रश्न

सुटे भाग घेऊन डेस्कटॉप संगणकात स्वतः वॉटर कूलिंगचा लूप (रिझर्व्हॉयर म्हणजे द्रवाची टाकी, पंप, तापणाऱ्या भागावर बसणारा धातूचा ब्लॉक आणि उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर यांना नळ्यांनी जोडलेली साखळी) जुळवू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न सतत येत असतात आणि त्यांतला गोंधळ बहुतेक वेळा तोच असतो, म्हणून काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. पाणी गळून मदरबोर्ड जळेल ही धास्ती जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. लूपमध्ये कोणकोणते धातू आहेत आणि त्यांच्यातून फिरणाऱ्या द्रवात, म्हणजे कूलंटमध्ये, काय मिसळले आहे, याची चौकशी मात्र फारच थोड्यांनी केलेली दिसते.

प्रश्न: पाणी आधी प्रोसेसरवरून न्यावे की ग्राफिक्स कार्डवरून? दोघांच्या मध्ये एक रेडिएटर असलाच पाहिजे, असे ऐकले आहे.

ऐकले ते सोडून द्या. मिनिटाला ४ लिटर प्रवाह असेल, तर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे २८० वॉट उष्णता लागते. म्हणजे लूपमधल्या कोणत्याही दोन ठिकाणच्या पाण्यात सहसा एकदोन अंशांपेक्षा मोठा फरक पडत नाही. नळ्या जिथून सरळ आणि आखूड जातील तो क्रम योग्य. पाळायचा क्रम एकच आहे: रिझर्व्हॉयरमधले पाणी आपल्या वजनाने पंपाच्या तोंडाशी आले पाहिजे, कारण या पंपांच्या बेअरिंगला वंगण म्हणून तेच पाणी लागते आणि पंप कोरडा फिरला तर तो थोड्याच वेळात खराब होतो.

प्रश्न: उष्णता देणाऱ्या एका भागामागे १२० मिलिमीटर (एका पंख्याच्या मापाचा) रेडिएटर आणि वर आणखी १२० मिलिमीटर, हा हिशेब बरोबर आहे का?

हा हिशेब फार ढोबळ आहे. आजचे दोन प्रोसेसर शेजारी ठेवले, तरी एकाची उष्णता दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक असू शकते, मग दोघांना सारखाच रेडिएटर कसा पुरेल? आपल्या प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डचा पूर्ण भारावरील वीजवापर वॉटमध्ये मिळवा, पंखे किती वेगाने फिरलेले आपल्याला कानाला चालतील ते ठरवा आणि मग रेडिएटरच्या उत्पादकाने दिलेले आलेख पाहा. पूर्ण भारावर पाणी खोलीच्या तापमानापेक्षा सुमारे १० अंशांनी गरम राहिले, तर रेडिएटर पुरेसा आहे असे समजावे. १५ अंशांपर्यंतही चिंता नाही. साठ मिलिमीटर जाडीचा, दाट पात्यांचा रेडिएटर घेऊन त्यावर मंद पंखे लावणाऱ्यांनी जाडीसाठी मोजलेले पैसे वाया जातात, कारण त्या पात्यांतून हवा ढकलायला पंख्यांत जोरच नसतो. शिवाय रेडिएटरच्या जाडीत पंख्याचे २५ मिलिमीटर मिळवून कॅबिनेटमध्ये जागा उरते का, हे कॅबिनेटच्या उत्पादकाच्या तक्त्यात पाहिल्याशिवाय काहीही मागवू नये.

प्रश्न: पाणी खोलीपेक्षा थंड होऊन नळ्यांवर दव साचेल का?

नाही. रेडिएटर आणि पंखे यांनी पाणी खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही.

प्रश्न: जुन्या सीलबंद (कारखान्यातच द्रव भरून बंद केलेल्या) कूलरचा अॅल्युमिनियमचा रेडिएटर काढून नव्या लूपमध्ये बसवला आहे, प्रोसेसरवरचा ब्लॉक तांब्याचा, निकेलचा मुलामा दिलेला आहे. “कूलंट टाकले की काही होत नाही,” असे विक्रेत्याने सांगितले होते. चारपाच महिन्यांपासून रिझर्व्हॉयरच्या तळाशी पांढरट, चिकट थर दिसतो आहे, पण तापमान ठीक असल्याने लक्ष दिले नाही. आता ते ८ अंशांनी वाढले आहे. काय करावे?

संगणक आजच बंद करा आणि हे उत्तर नंतर वाचा. तो थर पहिल्यांदा दिसला त्या आठवड्यात लिहिले असते, तर बहुधा एक रेडिएटर बदलून भागले असते.

तांबे आणि अॅल्युमिनियम एकाच द्रवात बुडाले की त्यांचा लहानसा विद्युतघट तयार होतो. प्रमाणित विद्युतविभवांच्या तक्त्यात तांबे अधिक ०.३४ व्होल्टवर आणि अॅल्युमिनियम उणे १.६६ व्होल्टवर आहे, म्हणजे दोघांत २ व्होल्टांचे अंतर आहे. या घटात झिजण्याची पाळी नेहमी अॅल्युमिनियमवर येते. अॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि एरवी तो धातूला सांभाळतो. पाण्यात क्लोराइड असेल, तर हा थर जागोजागी फुटतो आणि तिथे खड्डे पडू लागतात. दोन्ही धातू एकमेकांना टेकत नाहीत, मग घट कसा होईल, असे काही जण विचारतात. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात: एक तर रेडिएटर आणि ब्लॉक हे दोन्ही स्क्रूंच्या वाटे कॅबिनेटच्या धातूशी जोडले गेलेले असू शकतात, आणि तशी जोडणी नसली, तरी पाण्यात उतरलेले तांब्याचे आयन अॅल्युमिनियमवर जाऊन बसतात आणि प्रत्येक कणाभोवती नवा, चिमुकला घट सुरू होतो. निकेलच्या मुलाम्यावर विसंबणेही चुकीचे आहे, कारण त्या तक्त्यात निकेल स्वतः अॅल्युमिनियमपासून बरेच दूर आहे आणि मुलाम्याला सूक्ष्म छिद्र पडले, की खालचे तांबे पाण्याला भेटतेच.

आपल्याला दिसलेला पांढरट थर बहुधा अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा आहे. तो तळाशीच पडून राहिला असता, तर मी इतके लिहिले नसते. पण प्रोसेसरच्या ब्लॉकमधल्या खाचा मिलिमीटरच्या अंशाइतक्याच रुंद असतात आणि हा गाळ नेमका तिथे जाऊन अडकतो. प्रवाह मंदावतो, तापमान चढते. तोवर रेडिएटरच्या पातळ भिंतीही आतून झिजत असतात. ज्या गळतीची सर्वांना भीती वाटते, ती अशा लूपमध्ये फिटिंग (नळ्या भागांना जोडणारे जोड) नीट बसवूनही होऊ शकते.

सीलबंद कूलरमध्ये हेच दोन धातू वर्षानुवर्षे नांदतात, मग माझ्याकडे का नाही, हा प्रश्न आपण विचारालच. तिथे क्षरणरोधक रसायन मोजून भरलेले असते, आत हवा जवळजवळ नसते आणि कोणी झाकण उघडून वरून पाणी ओतत नाही. मोटारीच्या इंजिनातही असे धातू एकत्र असतात, पण तिथले कूलंट त्यासाठीच बनवलेले असते आणि ते ठरावीक काळाने बदलावे लागते. म्हणून तेच कूलंट संगणकात ओतावे असे मात्र नाही, कारण अॅक्रिलिकचे भाग आणि संगणकातल्या ओ-रिंगा (जोड गळू नयेत म्हणून बसवलेली रबरी कडी) यांच्यावर त्याची चाचणी झालेली असेलच असे नाही.

विक्रीतली चलाखीही येथेच असते. रेडिएटर काळ्या रंगात बुडवलेला असतो, खोक्यावर दिव्यांचे रंग ठळक छापलेले असतात आणि धातूचे नाव कुठल्या तरी कोपऱ्यात बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. चुंबक लावून काही कळत नाही, कारण तांबे, पितळ आणि अॅल्युमिनियम यांपैकी एकालाही तो चिकटत नाही. माहितीपत्रकात रेडिएटरच्या नळ्या, टाक्या आणि पाती यांचे धातू वेगवेगळे लिहिलेले असावेत. पाती अॅल्युमिनियमची असली आणि पाण्याला लागत नसली, तर चालते. पाण्याला लागणारा धातूचा प्रत्येक भाग तांबे, पितळ किंवा निकेल यांचाच हवा. हे लेखी मिळत नसेल, तर तो भाग घेऊ नये.

आता आपण द्रव पूर्ण काढावा, तो रेडिएटर पुन्हा वापरू नये आणि ब्लॉक उघडून खाचा पाहाव्यात. व्हिनेगरने धुण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण आम्लाने निकेलचा मुलामा सुटू शकतो. म्हणून ब्लॉकच्या उत्पादकाला छायाचित्र पाठवून कशाने धुवावे ते विचारा आणि पंपही जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घ्या.

प्रश्न: डिस्टिल्ड वॉटरमधून वीज वाहत नाही, मग ते गळले तरी काय बिघडते?

बाटलीतून नुकतेच काढलेल्या पाण्यातून जवळजवळ वाहत नाही. लूपमध्ये काही दिवस फिरल्यावर त्यात धातूंचे आयन उतरतात आणि मदरबोर्डवर सांडले की त्यात तिथली धूळ विरघळते. “विद्युतरोधक” असे लिहिलेल्या महागड्या बाटल्यांनाही हेच लागू आहे. नुसते डिस्टिल्ड वॉटरही पुरेसे नाही. त्यात जंतुरोधक आणि क्षरणरोधक हवे, किंवा दोन्ही असलेले तयार, पारदर्शक कूलंट घ्यावे. नळाचे पाणी, उकळून गार केलेले पाणी आणि पिण्यासाठी गाळलेले पाणी यांपैकी काहीही भरू नये. मोत्यासारखे चमकणारे किंवा दुधट रंगाचे द्रव तरंगत्या कणांमुळे तसे दिसतात आणि ते कण पुढे ब्लॉकमध्येच बसतात; ते छायाचित्रापुरते ठीक आहेत. काही कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी आहे. बाटली मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाताबाहेर ठेवावी आणि कोणाच्या पोटात गेले, तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे किंवा पशुवैद्याकडे जावे.

प्रश्न: गळतीची चाचणी किती वेळ करावी? तासाभरात संगणक सुरू करता येईल का?

सुरू करता येईल, पण करू नये. आधी रेडिएटर कोमट डिस्टिल्ड वॉटरने अनेकदा खळखळून धुवा, कारण डाख देताना वापरलेल्या फ्लक्सचे (डाख नीट धरावा म्हणून लावलेल्या रसायनाचे) अवशेष त्यात राहिलेले असतात. मग द्रव भरण्यापूर्वी हातपंपाच्या दाबमापकाने लूपमध्ये हवा भरा. दाब सामान्यतः अर्ध्या बारच्या आसपास ठेवतात, पण रिझर्व्हॉयरला जितका दाब चालतो त्याच्या पुढे कधीही जाऊ नये आणि कॉम्प्रेसर तर जोडूच नये. अर्धा तास काटा स्थिर राहिला, तर पुढे जा. नंतर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या वीजजोडण्या काढून, पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या जोडणीला तयार ब्रिज-प्लग (मदरबोर्डशिवाय पॉवर सप्लाय सुरू करणारा) लावून फक्त पंप चालवा. प्रत्येक फिटिंगखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा, कॅबिनेट हळूहळू सर्व बाजूंना कलवून हवेचे बुडबुडे बाहेर काढा आणि पहिलाच लूप असेल, तर २४ तास थांबा. जी १/४ या प्रमाणित मापाच्या आट्यांच्या फिटिंगमध्ये पाणी ओ-रिंग अडवते, आटे अडवत नाहीत. म्हणून हाताने आवळणे पुरते, पान्याने पिळले तर ओ-रिंग कापली जाते आणि अॅक्रिलिकला तडा जातो. पहिल्यांदा वीज देण्यापूर्वी, ज्याने असे लूप बांधले आहेत अशा एखाद्याच्या नजरेखालून जोडणी घालावी.

प्रश्न: कडक नळी घ्यावी की मऊ?

पहिल्या लूपला मऊ, आणि शक्यतो ईपीडीएम या कृत्रिम रबराची. पारदर्शक मऊ नळीतले प्लास्टिसायझर (तिला मऊ ठेवणारे रसायन) काळाने पाण्यात उतरते आणि ब्लॉकमध्ये साचते.

प्रश्न: प्रोसेसरवर क्षणभर भार आला की सगळे पंखे घोंघावतात. पंप बदलावा का?

पंपाचा यात काही दोष नाही. प्रोसेसरचे तापमान क्षणात वर जाते, पाण्याचे मात्र काही मिनिटे घेते. पंख्यांचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरवा. त्यासाठी लूपमध्ये संवेदक बसवावा लागेल. तो आपल्या मदरबोर्डला जोडता येतो का, ते त्याच्या पुस्तिकेत पाहा.

प्रश्न: दोन वर्षे झाली, सर्व उत्तम चालले आहे. द्रव बदलण्याची गरज आहे का?

आहे. उत्पादकाने वेगळी मुदत दिली नसेल, तर वर्षातून एकदा बदलावा. जंतुरोधक आणि क्षरणरोधक हे दोन्ही हळूहळू संपतात आणि संपल्याचे बाहेरून दिसत नाही. लूपच्या सर्वांत खालच्या ठिकाणी निचऱ्याचा व्हॉल्व्ह नसेल, तर या वेळी तो बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी टाळाटाळ करायला सबब उरणार नाही. काढलेला द्रव काचेच्या भांड्यात धरून पाहा: गढूळ, हिरवट किंवा पांढरट असेल, तर नवा भरण्याआधी ब्लॉक उघडावा लागेल.

प्रश्न: माझ्या ग्राफिक्स कार्डच्या नावाचाच वॉटर ब्लॉक मिळतो आहे. घेऊ का?

नावावर जाऊ नका. एकाच चिपची कार्डे वेगवेगळे उत्पादक वेगवेगळ्या बोर्डांवर बनवतात आणि त्याच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत भागांच्या जागा बदललेल्या असू शकतात. ब्लॉक एखाद्या कॉइलवर टेकला, तर चिपशी नीट संपर्क होणार नाही. कार्डवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि आवृत्ती ब्लॉक-उत्पादकाच्या यादीत तपासा, थर्मल पॅडची (भाग आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीची) जाडी त्याच्याच सूचनेप्रमाणे घ्या आणि मूळ कूलर काढल्याने वॉरंटी राहते का, हे कार्डच्या उत्पादकाकडून लेखी विचारा. तोवर मूळ कूलरच्या एकाही स्क्रूला हात लावू नका.