थायरॉइडच्या ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले, ‘आवाजात थोडा फरक पडू शकतो.’ म्हणजे नेमकं काय? त्यांना काय विचारावं?

‘थोडा फरक’ हे शब्द मीही ऐकले होते, म्हणून लिहायला बसले.

मी एसटीत वाहक आहे. २०१८ साली गळ्यात उजव्या बाजूला गाठ लागली. सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली, रिपोर्ट संशयास्पद आला आणि थायरॉइडचा उजवा भाग काढायचं ठरलं. सर्जन नाव असलेले, हात चांगला म्हणून लांबून लोक येतात. ते म्हणाले, “आवाजाच्या नसा जवळून जातात, थोडा फरक पडू शकतो. तुम्ही गाता का?” मी म्हटलं, नाही. “मग काही काळजी करू नका.” आवाजाचा विषय तिथंच संपला. फॉर्म आदल्या रात्री नऊला आला, इंग्रजीत छापलेला. सिस्टरनी फुल्या मारून दिल्या, मी फुलीपुढं सह्या केल्या.

‘गाता का’ या प्रश्नाचा मला आजही राग आहे. मी गात नाही, खरं आहे. पण सांगली-विटा गाडीत बाजाराच्या दिवशी एकदा उभं राहून बघा. कवलापूर, कुमठे, तासगाव, प्रत्येक थांब्याचं नाव इंजिनाच्या आवाजावर चढवून मागच्या सीटपर्यंत पोचवायचं. दारात लटकलेल्या पोरांना आत घ्यायचं, सुट्ट्या पैशांवरून वाद घालायचा. आणि फलाटावरून गाडी मागं काढताना पाठीमागं उभं राहून ड्रायव्हरला सांगायचं, येऊ द्या, येऊ द्या, थांबा. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. त्याला मागचं दिसतं ते माझ्या आवाजातून.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज देताना सर्जन म्हणाले, “नाव सांगा बघू.” मी नाव सांगितलं. “आवाज एकदम छान!” खोलीत तो छानच होता. घरी आल्यावर अर्धा तास बोललं की गळा दमायचा, गॅलरीतून मुलीला हाक मारली की आवाज मध्येच फाटायचा. सगळे म्हणाले, भूल देताना नळी घालतात, त्यानं होतं, जाईल. नळीनं काही दिवस घसा बसतो हेही खरं आहे, म्हणून मीही गप्प बसले.

सहा आठवड्यांनी ड्युटीवर गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी विट्याच्या स्टँडवर गाडी मागं घेत होतो. एक आजोबा डोक्यावर पोतं घेऊन फलाटाच्या बाजूनं थेट गाडीच्या मागं आले. मी ओरडले, थांबा! तोंड उघडलं, आणि बाहेर आली ती नुसती हवा. शिट्टी बॅगेत होती. इतकी वर्षं माझा आवाज पुरायचा, शिट्टी मी कधी फुंकली नव्हती. दोन्ही हातांनी पत्रा बडवला तेव्हा गाडी थांबली. आजोबा दोन हातांवर होते. त्यांना काही कळलंसुद्धा नाही, ते पोतं सावरत निघून गेले. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, “ताई, हाक का नाही मारली?” मी तिथंच फलाटाच्या कट्ट्यावर बसले. त्या रात्री झोप लागली नाही.

मग कोल्हापूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दिवसभर काय काम करता?” मला तिथंच रडू आलं. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहिला. दोन्ही स्वरतंतू हलत होते. मग ‘ई’ म्हणत आवाज खालून वर चढवायला लावला. अर्ध्या वाटेवर तो अडकला, पुढं सरकेचना.

त्यांनी सांगितलं ते असं. आवाजाच्या दोन नसा थायरॉइडजवळून जातात. मोठी नस छातीत उतरून परत वर येते, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या खोबणीतून, थायरॉइडला अगदी चिकटून. ती दुखावली की एका बाजूचा स्वरतंतू हलत नाही, आवाज घोगरा किंवा हवेसारखा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्हीकडची गेली तर श्वासालाच अडचण येते आणि कधी गळ्याला भोक पाडावं लागतं. दुसरी नस बारीक, थायरॉइडच्या वरच्या टोकाला रक्तवाहिनीजवळ असते. ती स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूला जाते. ती दुखावली तर साधं बोलणं बरं वाटतं, पण वरचा आवाज लागत नाही, हाक पोचत नाही. माझी बहुधा ही दुखावली. ‘थोडा फरक’ या दोन शब्दांत हे सगळं कोंबलेलं असतं.

या बारीक नसेला सर्जन एका गायिकेच्या नावानं ओळखतात, हेही तिथंच कळलं. अमेलिता गाली-कुर्ची, इटलीची ऑपेरा गायिका. १९३५ साली शिकागोत फक्त गळा बधिर करून तिचा गलगंड काढला, आणि त्यानंतर तिचा आवाज गेला, असं सर्जनांच्या पिढ्या सांगत आल्या. (तिचा आवाज आधीच उतरणीला लागला होता, असं पुढं अभ्यास करणाऱ्यांनी म्हटलंय.) गायिकेच्या नावानं नस लक्षात राहिली, म्हणून डॉक्टर गाण्याबद्दल विचारतात, असं मला वाटतं. शिक्षिका, भाजीवाली, शेतात लांबून हाक मारणारी बाई त्यांच्या डोळ्यांपुढं येतच नाही.

आमच्या वन्सं नर्स आहेत. त्यांचं-माझं यावरून अजून वाजतं. त्या म्हणतात, सगळं सांगत बसलं तर पेशंट घाबरून पळून जातात, गाठ तशीच वाढते. माझी मुलगी लॉ करते. तिनं सुप्रीम कोर्टाचा २००८ चा समीरा कोहली खटल्याचा निकाल वाचून दाखवला, की उपचार काय, कशासाठी, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते हे पेशंटला सांगून मगच संमती घ्यावी. वन्संनी तोच निकाल पुढं वाचायला लावला. दूरचे, क्वचितचे धोके सांगायलाच हवेत असं नाही, असंही त्यात आहे. बरोबर आहे त्यांचं. पण दूरचा कुणासाठी? ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं २०१५ साली माँटगोमेरी खटल्यात म्हटलं, की समोरच्या त्या माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगितलाच पाहिजे. मला तेच म्हणायचंय, वन्सं. मी पळून गेले नसते. मी ऑपरेशन केलंच असतं, फक्त रजा जास्त घेतली असती आणि पहिल्या दिवसापासून शिट्टी गळ्यात अडकवली असती. ते आजोबा माझ्या हाकेच्या भरवशावर राहिले नसते.

आता तुमचं. डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, तुमचं काम आधी सांगा. दिवसात किती तास बोलता, ओरडावं लागतं का, फोनवर असता का, हे सगळं. ऑपरेशनच्या आधी दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्या असा आग्रह धरा. काही जणांचा एक तंतू आधीच हलत नसतो आणि त्यांना पत्ता नसतो, मग नंतर भांडण होतं. मोबाइलवर तुमचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, बोलतानाचा आणि लांब हाक मारतानाचाही. टक्केवारी विचाराल तर पुस्तकातली सांगतील. मोठ्या नसेला कायमची इजा अनुभवी हातात शंभरात एक-दोघांना, तात्पुरती पाच ते दहा जणांना, आणि त्यातल्या बहुतेकांची सहा महिने ते वर्षात भरून येते. तुम्ही विचारा, “डॉक्टर, तुमच्या हातून वर्षाला किती ऑपरेशनं होतात, आणि किती जणांचा आवाज बसला?” याचा राग येणाऱ्या डॉक्टरकडं मी तरी जाणार नाही. वरच्या बारीक नसेबद्दल वेगळं विचारा. नसेवर लक्ष ठेवणारं मशीन वापरणार का, त्याचा खर्च वेगळा का, हेही आधीच विचारा. मशीन असलं म्हणजे इजा होतच नाही असं मात्र नाही. आणि फॉर्म आदल्या दिवशी दुपारीच मागून घ्या, मराठीत समजावून घ्या.

नंतरही लक्ष ठेवा. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली सांगितलंय, की ऑपरेशननंतर दोन आठवडे ते दोन महिने या काळात आवाजात फरक पडलाय का ते तपासून नोंदवावं. मला कुणी त्यासाठी बोलावलं नाही. मी आपणहून गेले तेव्हा उशीर झाला होता. स्पीच थेरपिस्टकडं चार महिने व्यायाम केले. आता दिवसभर बोलता येतं, हाक मात्र परत आली नाही.

मी डॉक्टर नाही, हे ध्यानात ठेवून वाचा. हेही सांगते, की माझ्या सर्जननी गाठ नीट काढली, जखम आता दिसतसुद्धा नाही. कधी गाठ नसेलाच चिकटलेली असते, तेव्हा सर्जनचाही इलाज नसतो. माझं वाचून ऑपरेशन पुढं ढकलू नका, रिपोर्ट वाईट असेल तर अजिबात नाही. तुमचं पूर्ण थायरॉइड काढणार असतील तर कॅल्शियमचंही विचारा. ऑपरेशननंतर बोटांना किंवा ओठांभोवती मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरलेलं असू शकतं, सकाळच्या राउंडची वाट न बघता तेव्हाच सिस्टरना उठवा.