संस्थेत नोकरी म्हणजे बिनपगारी समाजसेवा नव्हे

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला बी.कॉम.नंतर सामाजिक संस्थेत काम करायचंय आणि तुम्ही तिला बजावलंय, 'आधी बँकेची परीक्षा दे, समाजसेवा निवृत्तीनंतर.' पत्रात तिचे गुण आहेत, मेहुण्यांचा सल्लाही आहे. कुठलं काम, कशासाठी, यावर ती स्वतः काय म्हणते त्याची एक ओळ नाही. उलट 'तिची आई महिनाभर बोलत नाही, येईल ताळ्यावर' हे तुम्ही सहज लिहून गेलात. मला काळजी वाटते ती याची. अबोल्याला कंटाळून भरलेल्या फॉर्मला मी करिअरचा निर्णय म्हणत नाही. आधी घरात बोलणं सुरू करा, माझं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

बँकेच्या परीक्षांची माहिती ढिगानं मिळते, ती इथे देत नाही.

'ना-नफा संस्थेत पगार कसला?' हा समज मात्र खोडायलाच हवा. ना-नफा म्हणजे वर्षअखेरीस उरलेला पैसा कुणी वाटून घ्यायचा नाही, एवढंच. कामाला माणसं लागतात आणि ती पगारावर असतात. खरी अडचण पुढे आहे. निधी बहुधा एका प्रकल्पापुरता आणि मुदतीचा असतो. औषधांना देणगीदार हौसेनं पैसे देतात. त्या औषधांचा हिशेब ठेवणाऱ्याच्या पगाराचं नाव काढलं की कां-कूं सुरू. मोठा देणगीदार हटला तर काय होतं ते २०२५ मध्ये दिसलं. अमेरिकेनं यूएसएड ही परदेशांना मदत देणारी आपली सरकारी संस्था मोडीत काढली, तिचे ८० टक्क्यांहून जास्त कार्यक्रम रद्द केले आणि कितीतरी देशांतल्या संस्थांमधल्या अनुभवी माणसांना घरी बसावं लागलं. शिवाय सरकारची मर्जी! मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशानं ऑगस्ट २०२४ मध्ये एका फटक्यात १,५०० संस्थांची मान्यता काढून घेतली. म्हणजे तुमची भीती खोटी नाही, फक्त तिचं कारण चुकलंय.

मुलगी कॉमर्सची आहे, हे तुम्ही कमीपणा असल्यासारखं लिहिलंय. अहो, निधीचा प्रकल्पवार हिशेब ठेवणारा, ऑडिटला तोंड देणारा माणूस संस्थांना लवकर सापडत नाही. प्रकल्प बंद पडला तरी ते कौशल्य दुसरीकडे चालतं. तिनं लेखापालनाचा पुढचा अभ्यास नोकरीसोबत करावा. मुलाखतीत तिनंही बेधडक विचारावं: देणगीदार किती, माझा पगार कुठल्या निधीतून आणि तो कधी संपतो, गंगाजळी किती महिन्यांची? उत्तर देताना समोरचे चुळबुळायला लागले, तर ती संस्था सोडून दुसरी बघावी.