शेत गहाण टाकू नका: पऱ्हाटीची साखर आणि जर्मनीचा रस्ता

ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जालन्याला आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) एम.टेक.चं शेवटचं वर्ष, आम्ल वापरून पऱ्हाटीतून, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांतून, साखर काढायचा विषय, पुढं जर्मनीत मास्टर्स करायचंय आणि त्यासाठी वडील तीन एकर गहाण टाकायला निघालेत. मी जिंतूरकडचा. सात वर्षं झाली, जर्मनीत आखेनमध्ये याच कामात आहे. म्हणून आधी हेच सांगतो: शेत गहाण टाकू देऊ नका.

तुमची पदवी मास्टर्सच्या तोडीची आहे, पुन्हा मास्टर्स कशाला? इथं पीएच.डी. ही बहुतेक वेळा नोकरीच असते. करार होतो, पगार टीव्ही-एल ई13 या सरकारी वेतनश्रेणीत, बहुधा तिच्या अर्धा ते दोन तृतीयांश. एका माणसाचं त्यात नीट भागतं. जागांच्या जाहिराती प्राध्यापकांच्या गटांच्या पानांवर येतात, त्यावर नजर ठेवा. मास्टर्सच्या वाटेनं आलात तर एपीएसचं (आपली पदवी खरी असल्याचं) प्रमाणपत्र लागतं आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे खर्चासाठी बांधून ठेवलेल्या खात्यात, 11,904 युरो दाखवावे लागतात. ते पैसे आपलेच राहतात, दर महिन्याला 992 युरो काढताही येतात. पण सुरुवातीला सगळे एकरकमी उभे करावे लागतात, आणि गहाणखत होतं ते तिथंच.

आता कामाचं. प्राध्यापकांना पाठवलेल्या पत्रात सगळे लिहितात, ‘नवा उत्प्रेरक शोधायचा आहे.’ तुम्ही तसं लिहू नका. आम्लानं सेल्युलोज (झाडाचा मुख्य तंतू, साखरेच्या साखळ्यांचा) तुटतं हे 1819 मध्येच ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं चिंध्यांवर सल्फ्युरिक आम्ल घालून दाखवलं. पुढं याच जर्मनीत शोलरनं टॉर्नेशला विरल सल्फ्युरिक आम्लानं आणि बेर्गियसनं ऱ्हाइनाउला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लानं लाकडाची साखर कारखान्यात काढली. साखर निघते, अडचण ती टिकवायची आहे. झाडातला दुसरा घटक हेमिसेल्युलोज लवकर सुटतो, त्यातून झायलोज ही साखर येते. सेल्युलोज मात्र दोनशे अंशांच्या आसपास नेल्याशिवाय विरल आम्लाला दाद देत नाही. तोवर आधी सुटलेल्या झायलोजचं फरफ्युरल होतं, सेल्युलोजमधून आलेल्या ग्लुकोजचंही एचएमएफ व्हायला लागतं. म्हणजे साखर नासते, आणि त्या पाण्यात साखरेचं इथेनॉल करणारं यीस्ट धड वाढत नाही. म्हणून दोन टप्पे करतात: आधी सौम्य, मग कडक. आखेनच्याच ऑर्गॅनोकॅट पद्धतीत पाण्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं आणि जोडीला 2-मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरान हा पाण्यात फारसा न मिसळणारा द्रावक. हेमिसेल्युलोजची साखर पाण्यात उतरते, लिग्निन (लाकूड घट्ट धरून ठेवणारा घटक) त्या द्रावकात जातं आणि सेल्युलोजचा लगदा एन्झाइमसाठी शिल्लक राहतो. घन आम्ल उत्प्रेरकांची मला पहिल्यापासून ओढ आहे, पण तिथला पेच ओळखा. सेल्युलोज विरघळत नाही, उत्प्रेरकही विरघळत नाही, मग दोघं भेटणार कुठं? एकत्र दळले तर भेटतात. पण शेवटी उरलेलं लिग्निन आणि उत्प्रेरक एकाच चोथ्यात अडकतात, ते वेगळे कसे करायचे? मुलाखतीत हा प्रश्न तुम्हीच काढलात तर समोरचा माणूस खुर्चीत सरसावून बसेल.

माझं पहिलं वर्ष कशात गेलं तेही सांगतो. इथं सगळं काम बीच या इकडच्या झाडाच्या लाकडावर चालतं. तीच कृती मी गावाकडून रीतसर कागदपत्रं करून मागवलेल्या पऱ्हाटीवर चालवली, तर साखर निम्मीच आली. तापमान वाढवलं, वेळ वाढवला, उत्प्रेरक बदलला. कितीतरी महिन्यांनी साधं पीएच मोजलं, तेव्हा कळलं की आम्ल केव्हाच संपलेलं होतं. बीचमध्ये राख एक टक्क्याच्या आत असते. पऱ्हाटीत तिच्या कितीतरी पट, आणि वर मुळाला चिकटलेली आपली काळी माती. तिच्यातली चुनखडी आम्ल खाऊन टाकते. बांधावरच्या कुठल्याही माणसाला ठाऊक असलेली गोष्ट मला प्रयोगशाळेत सुचली नाही, याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून येताना हे ज्ञान घेऊन या. नमुन्याचं पृथक्करण स्वतःच्या हातानं करा: 72 टक्के सल्फ्युरिक आम्लात 30 अंशांवर एक तास, मग 4 टक्क्यांपर्यंत पातळ करून ऑटोक्लेव्हमध्ये (प्रयोगशाळेच्या प्रेशर कुकरमध्ये) 121 अंशांवर एक तास, आणि साखरा एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर मोजायच्या. राख वेगळी काढा. गणितही तोंडपाठ असू द्या. 162 ग्रॅम सेल्युलोजला पाणी जोडून 180 ग्रॅम ग्लुकोज होतं आणि ते यीस्टनं आंबवलं की त्याचं जास्तीत जास्त 51 टक्के इथेनॉल. एक टन कोरड्या पऱ्हाटीत 35 टक्के सेल्युलोज धरलं तरी कागदावर साधारण अडीचशे लिटर येतात. प्रत्यक्षात त्याहून कमी. हा आकडा घरी वडिलांनाही सांगा.

नोकरीचं चित्र मिश्र आहे. क्लॅरियंट या रसायन कंपनीनं रोमानियातला पेंढ्यापासून इथेनॉलचा कारखाना 2023 मध्ये बंद करायचं ठरवलं. दुसरीकडं यूपीएम ही कंपनी जर्मनीतल्या लॉइनाला बीचपासून इंधनाऐवजी ग्लायकोल (प्लास्टिकचा कच्चा माल) काढण्यात पैसा ओततेय. माझं मत विचाराल तर लिग्निन आणि फरफ्युरल यांची जाण असलेल्याला काम मिळतं, फक्त इथेनॉल जाणणाऱ्याला कठीण. भारतातही पानिपतला तांदळाच्या पेंढ्याचा आणि नुमालीगडला बांबूचा प्रकल्प उभा राहिला आहे, त्यामुळं परतीची वाट बंद नाही.

जर्मन भाषा बी1पर्यंत (मध्यम पातळीपर्यंत) तिथूनच करून या. प्रयोगशाळेत इंग्रजी चालते, पण यंत्र बिघडल्यावर ज्याच्याकडं जावं लागतं त्या तंत्रज्ञाशी जर्मनच बोलावी लागते.

आणि यंदा बोंडअळीच्या भीतीनं लोक डिसेंबरनंतर पऱ्हाटी उपटून पेटवायला लागतील, त्याआधी तीन वेगवेगळ्या शिवारांतून नमुने घ्या. मूळ, खोड आणि बोंडाची टरफलं वेगळी बांधा, अर्धी धुऊन आणि अर्धी न धुता. दोन्हींची राख मोजून झाली की मला कळवा, पत्राचा मसुदा आपण मिळून करू.