आधी मोडायचा विचार, मग उभारायचा

प्रश्न : आम्ही नवरा-बायको रात्रबाजारात खाद्यपदार्थांचा स्टॉल लावणार आहोत. जागा दोन मीटर बाय दोन मीटर. संध्याकाळी उभारायचा, मध्यरात्री मोडून छोट्या टेम्पोतून न्यायचा. फॅब्रिकेटर म्हणतो लोखंडी सांगाडा करा, माझा मेहुणा म्हणतो अॅल्युमिनियमचा. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं ऐका, पण आधी एक आकडा ठरवा: सर्वांत जड सुटा भाग किती किलोचा असेल? मी वीसच्या वर जाऊ देत नाही. संध्याकाळी ताज्या अंगाने कोणीही काहीही उचलतं. सहा तास शेगडीपुढे उभं राहिल्यावर, तेलकट हातांनी आणि अर्ध्या उजेडात तेच ओझं उचलायचं असतं. गिऱ्हाईक स्टॉल उभा बघतं, मी तो मोडताना बघतो.

आता हिशोब करा. २५ मिमीचा, १.६ मिमी जाडीचा चौकोनी लोखंडी पाईप मीटरला साधारण १.२ किलो भरतो. दोन मीटर लांबीच्या टेबलाला बारा-पंधरा मीटर पाईप सहज लागतो, त्यावर एक मिमी स्टीलच्या पत्र्याचे नऊ-दहा किलो. म्हणजे टेबल पंचवीस किलोच्या आसपास गेलं. म्हणून एक-एक मीटरची दोन टेबलं करा आणि ती बाजारात नटबोल्टने जोडा.

शेगडीखालचं टेबल लोखंडीच हवं. अॅल्युमिनियम दोन-अडीचशे अंशांच्या तापात बरंच नरम पडतं. शिवाय खालचं वजन स्टॉलला धरून ठेवतं. छप्पर डोक्यावर उचलायचं असतं, तिथे मेहुणा बरोबर. मात्र अॅल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या तिसरा हिस्सा असलं, तरी त्याच मापात वाकतंही तिप्पट, तेव्हा पाईप एक माप मोठा घ्या. दोन धातू टेकतील तिथे नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर वाफ आणि मीठ मिळून अॅल्युमिनियम खातात.

छपराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, कोणीच विचारत नाही. ताशी ३६ किलोमीटरचा वारा चार चौरस मीटर कापडाला जवळजवळ पंचवीस किलोच्या जोराने वर उचलू शकतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे शंभर किलो! चारही खांबांना वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन पट्ट्याने घट्ट आवळा. सैल दोरीला लोंबकळणारा कॅन काही कामाचा नाही. पाणी बाजारात भरायचं, निघताना ओतायचं, म्हणजे ते ओझं टेम्पोत चढत नाही. हे पाणी ऐंशी किलोच भरतं, दुप्पट वाऱ्याला ते पुरत नाही; वारा तसा वाढायला लागला की आधीच कापड उतरवायचं. त्यामुळे ते सांगाडा न सोडता, अर्ध्या मिनिटात निघेल असं बसवून घ्या. कापड खिळ्यांनी ठोकून देणाऱ्या कारागिराकडे मी काम देत नाही.

सिलिंडर उभाच ठेवा आणि त्याच्या कप्प्याचा तळ उघडा किंवा जाळीचा ठेवा. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, गळला तर खाली साचतो. बंद तळाची पेटी देखणी दिसते, पण गॅस तिच्यातच राहतो. नळी बिजागरीतून नेऊ नका, घडी घालताना चेंगरते. सिलिंडरची चावी ज्योतीवरून हात न नेता बंद करता आली पाहिजे.

लाकूड? दर्शनी फळीपुरतं. तेल-पाणी पितं आणि स्वच्छ होत नाही.

प्रश्न : वीज मिळणार नाही. दिवे कसे आणि किती लावावेत?

उत्तर : एकूण चाळीस वॉटचे एलईडी तुम्हा दोघांना पुरे. सहा तासांचे २४० वॉट-तास होतात. १२ व्होल्ट, ३० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तेवढं आरामात देते. उजेड ३००० केल्विनच्या आसपासचा उबदार घ्या आणि सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, ९०च्या वर बघा. रंगीत दिव्याखाली पदार्थ शिजलाय की कच्चा आहे, हे रांधणाऱ्यालाही कळत नाही. दिवे छपराच्या पुढच्या कडेला आतल्या बाजूने, टेबलाकडे वळवून लावा. पाठीमागे लावलात तर तुमचीच सावली कढईत पडेल. आणि एक छोटा दिवा वेगळ्या बॅटरीवर, हुकाला अडकवता येईल असा ठेवा. छपरावरचे दिवे छपराबरोबरच उतरतात आणि टेबलांचे नटबोल्ट तर त्यानंतर सोडवायचे असतात.