कानात सतत शिट्टी वाजते, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी काहीतरी गंभीर असेल ही भीती जात नाही. यातून बाहेर कसं पडावं? पुन्हा एमआरआय करावा का?

इथे निम्मी उत्तरं ‘दुर्लक्ष करा’ अशी येतील, म्हणून आधीच सांगून टाकतो. हा सल्ला देणाऱ्याला तुमचं बोलणं लवकर संपायला हवं असतं, बाकी त्यात काही नाही. दुर्लक्ष ठरवून करता येत नाही. ठरवायला गेलं की लक्ष हमखास तिथेच जातं. मला हे वर्षानुवर्षं ऐकवणारे गृहस्थ म्हणजे आमचे थोरले साडू. त्यांचा विषय पुढे येईलच.

रिपोर्ट नॉर्मल आणि तरी आवाज, हे एकत्र असू शकतं. नेहमीची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, २५० ते ८००० हर्ट्झ (आवाजाची पट्टी मोजायचं एकक) एवढंच तपासते. तरुण माणसाचा कान जवळपास २०००० पर्यंत ऐकतो. वरच्या पट्टीतल्या केसपेशी, म्हणजे कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या पेशी, झिजल्या असतील तर तो कागद स्वच्छच येणार. या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदूतली ऐकण्याची यंत्रणा स्वतःची संवेदनशीलता वाढवते आणि तिची स्वतःचीच खरखर आपल्याला ऐकू येते, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे आवाज खरा आहे. तुम्ही तो ‘मनाने’ काढत नाही. हे वाक्य तुमच्यासाठी जेवढं आहे तेवढंच साडूंसाठीही आहे.

माझं काम रेकॉर्डिंग ऐकून मजकूर उतरवण्याचं. दिवसभर हेडफोन. एका रात्री काम संपवून हेडफोन काढले, तर शिट्टी चालूच. मळ असेल म्हणून दाखवून आलो, मळ नव्हता. मग वाचायला बसलो आणि तिथे घात झाला. आवाज एकाच बाजूला असेल तर श्रवणनसेवर गाठ असू शकते, एवढं एक वाक्य मला पुरलं. ही गाठ कर्करोगाची नसते, बहुधा सावकाश वाढते, आणि वर्षाला लाखात एक-दोन जणांनाच नव्याने सापडते, हे त्याच पानावर खाली लिहिलेलं होतं. पण भ्यायलेला माणूस पानाच्या खालपर्यंत पोचत नाही.

त्या दिवसापासून आवाज नेमका कुठल्या कानात आहे हे शोधायचा उद्योग सुरू झाला. रात्री पंखा बंद, खिडक्या बंद. आधी उजव्या कानात बोट, मग डाव्या. कान बंद केला की बाहेरचं ऐकू येणं थांबतं आणि आतलं मोठं वाटतं. साधी गोष्ट आहे, पण मला मात्र त्यात रोज रात्री आजार वाढल्याचा नवा पुरावा सापडायचा. मोबाइलवर सूर काढणारं ॲप घेऊन शिट्टी किती हर्ट्झची तेही जुळवत बसायचो. काल साडेसहा हजार होती, आज सात वाटते, म्हणजे सरकली. सरकली म्हणजे काय झालं? की परत वाचन. एकदा बायकोला माझ्या कानाला कान लावून ऐकायला लावलं. ती म्हणाली, “शिट्टी नाही ऐकू येत. तू श्वास रोखून धरलायस, तेवढं कळतंय.”

१९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय काय ऐकू येतं ते विचारलं. त्यातल्या सुमारे ९४ टक्के लोकांनी कुठला ना कुठला आवाज सांगितला. चांगल्या कानांचे लोक, काही तक्रार नसलेले! मी रोज रात्री हीच खोली घरात तयार करत होतो आणि निकाल आला की हादरत होतो.

शेवटी एमआरआय झाला. कानाची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला ज्या नळीत झोपवतात ती अशी ठणठणते की कानात बोळे घालावे लागतात. गाठ नव्हती. फार बरं वाटलं, पण ते बरं वाटणं थोड्याच दिवसांत आटलं, कारण रिपोर्टच्या तळाला एक ओळ होती: श्रवणनसेजवळ रक्तवाहिनीचं वळण. असं वळण कसलाही त्रास नसलेल्या लोकांच्या स्कॅनमध्येही सर्रास दिसतं. रिपोर्ट लिहिणाऱ्याला दिसलं ते त्याने लिहिलं, त्यात त्याची चूक नाही. मी गाठ सोडली आणि वळण धरलं.

तुमचा ‘पुन्हा’ हा शब्द वाचून मला हे सगळं आठवलं. गाठ आहे का, याचं उत्तर स्कॅन देतो. ‘पण नक्की ना?’ याचं उत्तर तो देत नाही, आणि भीती तेवढंच विचारत असते. पहिला स्कॅन कानासाठी असतो. दुसरा भीतीसाठी, आणि ती त्यावर पोसते.

आता साडू. ऐन त्या काळात घरची सगळी मंडळी जमलेली असताना त्यांनी मोठ्याने सांगितलं, “माझ्या कानात वीस वर्षं रातकिडे ओरडतायत. मी कधी कुणाला सांगितलं का? तुम्ही टेन्शन घेता म्हणून वाजतं.” सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

त्यांचं आयुष्य कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात गेलं आहे. त्यांचा आवाज मोजला तर माझ्याहून मोठा निघायचा. पण हा आवाज मोजायला गेलं की बहुतेकांचा ऐकू येण्याच्या मर्यादेच्या जेमतेम काही डेसिबल वर निघतो, आणि तो किती मोठा आहे यावरून माणसाला त्रास किती होतो हे सांगता येत नाही. १९९० मध्ये जास्ट्रेबॉफ या शास्त्रज्ञाने हेच मांडलं होतं: आवाज आणि त्याचा त्रास या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मेंदूने त्या आवाजाला धोक्याशी जोडलं की त्रास सुरू होतो. साडूंच्या कारखान्यात सगळ्यांचेच कान वाजायचे, त्यामुळे त्यांच्या मेंदूने तो आवाज किरकोळीत काढला. माझी त्या आवाजाशी ओळखच ‘गाठ’ या शब्दाबरोबर झाली. यात त्यांचं शौर्य कुठे आलं आणि माझा भित्रेपणा कुठे आला? टेन्शनने आवाज सुरू झाला नाही. टेन्शनने तो सोडवेना, एवढंच खरं.

मला उपयोग झाला तो एका ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) बाईंचा. त्यांनी जुने कागद पाहिले, नवी चाचणी सांगितली नाही. विचारलं, “दिवसातून किती वेळा तपासता?” मी म्हटलं, तपासत नाही, ऐकूच येतं. “आत्ता या खुर्चीत बसल्यावर तपासलंत?” तपासलं होतं.

त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं. खोलीत पूर्ण शांतता करायची नाही, बारीक काहीतरी चालू ठेवायचं, पण शिट्टीपेक्षा हळू. शिट्टी दाबून टाकायची नाही. कानात बोळे फक्त गोंगाटाच्या ठिकाणी, घरात कधीच नाहीत. तपासावंसं वाटलं की ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘थोड्या वेळाने’ म्हणायचं. आणि ‘तुला काय वाटतं, गंभीर असेल का?’ हे घरात कुणालाही विचारायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. बायकोने मात्र ते मनावर घेतलं. मी विचारलं की ती म्हणायची, “याचं उत्तर देऊन झालंय.” पहिल्यांदा मी भांडलो.

याच पद्धतीचं शिस्तशीर रूप म्हणजे सीबीटी, विचार आणि सवयी बदलण्याचे उपचार. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यातही त्याने त्रास कमी होतो असं दिसलं आहे. आवाज कमी होईल असं तिथे कुणी म्हणत नाही, हे आधीच समजून घ्या, नाहीतर चौथ्या भेटीनंतर सोडून द्याल. गोळ्यांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), मेलाटोनिन (झोपेसाठी घेतात ते) आणि झिंक या आवाजासाठी सुचवू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. तरी लोक घेतातच. चक्कर येत नसताना चक्करेच्या गोळ्या घेणारेही मी पाहिले आहेत.

आणि कुणी बीथोव्हेनचं उदाहरण द्यायला लागलं तर तिथून उठा. कान रात्रंदिवस वाजतात असं त्याने १८०१ साली मित्राला लिहिलं होतं हे खरं, पण तो पुढे बहिरा झाला, आणि आपल्याला नेमकं तेवढंच लक्षात राहतं. या आवाजाने बहिरेपण येत नाही. ऐकणं कमी झाल्यामुळे आवाज येतो, हा क्रम बहुतेक वेळा बरोबर असतो. म्हणूनच मी साडूंना म्हणतो, एकदा ऑडिओमेट्री करा. श्रवणयंत्र लावल्यावर अनेकांचा हा त्रासही कमी होतो. ते म्हणतात, मला काही झालेलंच नाही. त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या मला दोन खोल्या पलीकडे शब्दन्‌शब्द कळतात. तपासण्या अति करणाऱ्याला हसणारा माणूस एकही तपासणी करत नाही, याला काय म्हणायचं?

माझी शिट्टी आहे अजून. हे लिहिताना तर आहेच. एरवी दिवसाचा बराच भाग ती असते की नाही हे मला सांगता येत नाही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे हेही लिहायला हवं. एका कानाने अचानक, तीन दिवसांच्या आत, ऐकू यायचं कमी झालं तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. त्यावरचे स्टिरॉइड जितक्या लवकर तितके उपयोगी, पहिले दोन आठवडे महत्त्वाचे. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, कायम एकाच बाजूला असेल, सोबत गरगरत असेल, चेहऱ्याची एक बाजू कमजोर वाटत असेल किंवा डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झाला असेल, तरीही दाखवायला हवं. जास्त मात्रेतलं ॲस्पिरिन, जेंटामायसिन (अँटिबायोटिक), सिस्प्लॅटिन (कर्करोगावरचं औषध) अशा औषधांनीही कान वाजू शकतात; चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. झोप पूर्ण उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर कान बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, आजच.

यातलं काही नसेल आणि एक एमआरआय स्वच्छ आलेला असेल, तर माझ्या मते दुसरा नको. वरची लक्षणं एकदा वाचा, डॉक्टरांना एकदा विचारा आणि हे पान बंद करा. तुम्ही एव्हाना मनगटावर नाडी धरून आवाज तिच्याबरोबर येतो का ते पाहिलं असेल. पुरे आता.