कोन्याला दोन तास? मुक्काम करा हो!

प्रश्न : ताई, ऑक्टोबरात आम्ही दोघं आणि सासूबाई टर्कीला चाललोय. टूरवाल्याने कपाडोकियाहून पामुक्कलेला जाताना वाटेत कोन्याला दोन तासांचा हॉल्ट दिलाय. तेवढ्यात ते गोल फिरणारे दरवेशी बघून होतील का? सासूबाई पक्क्या शाकाहारी आहेत, त्यांच्या जेवणाचं काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही होणार. दोन तासांत मेवलाना म्यूझियम (मेवलाना म्हणजे सूफी संत-कवी रूमी) कसंबसं उरकेल. दरवेशांचा सेमा, म्हणजे रूमींच्या पंथातल्या सूफींचं ते गोल फिरणं, साधारण शनिवारी संध्याकाळी मेवलाना कल्चरल सेंटरला असतो, म्हणजे शनिवारची रात्र कोन्यात काढायला हवी, टूरवाला ऐकत नसेल तर ग्रुप सोडून अंकाराहून हायस्पीड ट्रेनने या, पावणेदोन तासांत पोचता.

आपल्याकडे दरवेशी म्हटलं की अस्वलवाला आठवतो, त्यामुळे मीही पहिल्यांदा काहीतरी खेळ बघायला जावं तशीच गेले होते. आधी नुसती नेय वाजते, म्हणजे बोरूची बासरी, बराच वेळ कोणी फिरतच नाही, आमच्या मागच्या रांगेतले काका चक्क घोरायला लागले. मग ते अंगावरचे काळे झगे उतरवतात. झगा म्हणजे कबर, आतला पांढरा घेरदार पोशाख म्हणजे कफन, आणि डोक्यावरची उंच टोपी म्हणजे थडग्याचा दगड, हे आधी माहीत असेल ना तर तो झगा जमिनीवर पडतो तेव्हा पोटात काहीतरी होतं. उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे, वरून घ्यायचं आणि खाली देऊन टाकायचं. पाय बघा त्यांचे, डावा पाय खुंटीसारखा जागेवर आणि उजवा त्याला फिरवत राहतो, चक्कर कशी येत नाही कोण जाणे! आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत, प्रार्थना आहे ती.

म्यूझियम म्हणजे खरं तर रूमींची कबर. १९२५ साली तुर्कस्तानने कायदा करून सूफींचे सगळे मठ बंद केले, त्यानंतर इथे म्यूझियम झालं. पण आत गेलात की कळतं, लोक हात पसरून दुआ मागत उभे असतात, म्यूझियम बिझियम कोणाच्या डोक्यात नसतं. तिकीट नाही, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या. रूमींच्या वडलांची लाकडी पेटी उभी दिसेल, मुलगा गेला तेव्हा बाप आदराने उठून उभा राहिला असं तिथे सांगतात.

वेळ उरला तर करातायचा मदरसा चुकवू नका, १२५१ सालचा, घुमटात आतून निळ्या-काळ्या टाइल्सचं अख्खं आकाश. मला तर तो म्यूझियमपेक्षा जास्त आवडला, तिथे गर्दी नव्हती हेही एक कारण असेल.

आता सासूबाई. कोन्या हे मटणाचं गाव, एतलीएकमेक म्हणजे हातभर लांब पातळ रोटीवर खिमा, गावभर तेच. पण चीजचं पिदे, म्हणजे वर चीज घालून भाजलेली रोटी, मिळतं, मेरजिमेक चोरबा म्हणजे आपल्या मसूरडाळीचंच सूप, वर लिंबू पिळायचं (ते मटणाच्या पाण्यात केलेलं नाही ना, तेवढं विचारून घ्या). ‘एतसिझ’ हा शब्द पाठ करून ठेवा, म्हणजे बिनमांसाचं. बाजारात बोटाच्या पेराएवढ्या वाळवलेल्या भेंड्यांच्या माळा टांगलेल्या दिसतील, सासूबाई नक्की थांबणार! तिचं आंबट सूप लग्नाच्या जेवणात असतं, पण त्यात मटण घालतात, तेव्हा माळ विकत घ्या आणि घरी येऊन आपल्या पद्धतीने करा. मी चिंच-गूळ घालून केली होती, बरी झाली, आमच्या ह्यांचं मत वेगळं आहे.

प्रश्न : कोन्याला डिसेंबरमधल्या रूमींच्या उत्सवाला गेलं तर? डोकं झाकावं लागतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रूमी १७ डिसेंबर १२७३ ला गेले, त्या रात्रीला ‘शेब-इ अरूस’ म्हणतात, म्हणजे मीलनाची, लग्नाची रात्र. त्याआधीचे आठ-दहा दिवस सेमा रोज असतो, पण हॉटेलं महिनोन्‌महिने आधी फुल होतात आणि गाव हजार मीटर उंचीवर, त्यामुळे थंडी हाडात शिरते, नाशिकचा स्वेटर पुरणार नाही. स्कार्फ मशिदीत लागतोच, पर्समध्ये एक ठेवा. बिअरची अपेक्षा मात्र कोन्यात ठेवू नका, हे आमच्या ह्यांनी खास लिहायला सांगितलंय.